उधारीचा दावा आणि वकील संघाची जबाबदारी

कापडाचा धंदा उधारीवर चालतो, हे आपल्या व्यापारी बंधूंना सांगण्याची गरज नाही. मालेगावचा यंत्रमागधारक ग्रे कापड मुदतीवर देतो. सुरत-भिवंडीचा ठोक व्यापारी मुदतीवर माल पाठवतो. दुकानदार तोच माल पुढे गिऱ्हाइकाला मुदतीवर देतो. या साखळीत एका जागी पैसा अडकला की मागचे सगळेच अडचणीत येतात. अशा वेळी आपल्याकडे दोनच उपाय मानले गेले. एक म्हणजे तगादा लावणे आणि दुसरा म्हणजे दलालाला मध्ये घालणे. कोर्टात जा असे कोणी सुचवले, तर निकाल नातवाच्या हातात पडेल, असे उत्तर मिळत असे.

हे उत्तर आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. २०१५ साली देशात व्यापारी न्यायालयांचा कायदा झाला. सुरुवातीला एक कोटी रुपयांच्या खालचा वाद त्यात बसत नव्हता. २०१८ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीन लाखांवर आणली. म्हणजे जो कायदा मुंबईच्या बड्या कंपन्यांसाठी वाटत होता, तो आता नाशिकरोडच्या दुकानदाराच्या दारात येऊन पोचला आहे. परंतु कायदा झाला म्हणजे वसुली झाली असे नव्हे. हा कायदा घड्याळावर चालतो, आणि त्याचे घड्याळ सांभाळणारे वकील एकेकट्याने तयार होत नाहीत. त्यासाठी वकील संघातच व्यापारी दावे चालवणाऱ्यांचा एक गट असावा लागतो. अशा गटाचे काम काय, आणि आपला त्याच्याशी संबंध काय, हे आम्ही या लेखात मांडत आहोत.

एकलहऱ्याचे उदाहरण

एकलहरे म्हटले की औष्णिक वीज केंद्र डोळ्यांसमोर येते. १९७० च्या सुमारास वीज मंडळाचे १४० मेगावॅटचे पहिले संच येथे सुरू झाले, पुढे २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. २००५ साली मंडळाचे विभाजन झाल्यावर केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले. जेथे असे केंद्र असते तेथे वसाहत असते, ठेकेदार असतात, ठेकेदाराचे मजूर असतात आणि या सर्वांना कपडा लागतो.

अशा ठिकाणच्या कापड दुकानदाराची उधारी दोन प्रकारची असते. एक पगारावरची. ती रक्कम लहान असते, माणूस ओळखीचा असतो आणि पगाराच्या दिवशी तो स्वतः दुकानात येतो. दुसरी ठेकेदारावरची. गणवेशाचे कापड, टॉवेल, चादरी असा माल एकदम जातो आणि "वरून बिल पास झाले की देतो" असा वादा मिळतो. ठेका संपतो, ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यात जातो आणि येणे वहीत राहते. समजा, हे येणे चार लाख वीस हजार आहे. पूर्वी हा दावा इतर शेकडो दिवाणी दाव्यांच्या रांगेत, जमिनीच्या वाटपाच्या आणि बांधाच्या भांडणांच्या मागे उभा राहिला असता. आज तो व्यापारी वाद म्हणून दाखल होऊ शकतो. मालाच्या विक्रीचा करार आणि व्यापाऱ्यांमधील नेहमीचे व्यवहार या दोन्ही गोष्टी कायद्याने व्यापारी वादाच्या व्याख्येत घातल्या आहेत.

कायद्याचे घड्याळ

दावा लावण्याआधी तडजोडीसाठी अर्ज करावा लागतो. तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल, तर ही पायरी टाळता येत नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात ही पायरी सक्तीची ठरवली आणि २० ऑगस्ट २०२२ पासून ती न पाळता आलेला दावा फेटाळला जाईल असे सांगितले. अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. अर्जाची फी एक हजार रुपये. समोरचा हजर झाला व बोलणी सुरू झाली, तर तीन ते दहा लाखांच्या वादासाठी मध्यस्थीची फी पंधरा हजार, ती दोन्ही पक्षांनी निम्मी निम्मी द्यायची. मुदत तीन महिन्यांची, दोघांच्या संमतीने आणखी दोन महिने. समोरचा आलाच नाही, तर तसा अहवाल मिळतो आणि दाव्याचा रस्ता मोकळा होतो. हा काळ मुदतीच्या कायद्यात मोजला जात नाही. तडजोड झाली, तर तिला लवादाच्या निवाड्याचे बळ असते. पुन्हा दावा न करता तिची अंमलबजावणी मागता येते.

दावा दाखल झाल्यावर प्रतिवादीला कैफियत देण्यासाठी तीस दिवस. कारण दाखवून व खर्च भरून ही मुदत फार तर १२० दिवसांपर्यंत वाढते. त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच संपतो, कोर्टालाही मुदत वाढवता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. साध्या दाव्यात वर्ष वर्ष कैफियत न देणाऱ्या पक्षकारांची ज्यांना सवय आहे, त्यांना या एका नियमाची किंमत कळेल. पुढे न्यायाधीश तारखांचे वेळापत्रक ठरवतात. त्या पहिल्या बैठकीपासून सहा महिन्यांत युक्तिवाद संपवायचा, युक्तिवाद संपल्यावर नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, असे कायदा सांगतो. अपिलाला साठ दिवस. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा, हा येथे सर्वसाधारण नियम आहे.

मात्र घड्याळ दोन्ही बाजूंना लागू असते. दावा करणाऱ्याने आपल्याजवळचे सर्व कागद दाव्यासोबतच जोडायचे आणि सत्यकथनाचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. राहिलेला कागद नंतर आणायचा असेल, तर कोर्टाची परवानगी लागते आणि आधी का आणला नाही याचे सबळ कारण द्यावे लागते. "पुढच्या तारखेला आणतो" ही आपली जुनी सवय येथे महागात पडते. वकील नवखा असेल आणि व्यापारी गाफील असेल, तर जो कायदा व्यापाऱ्याच्या सोयीसाठी केला त्याच कायद्याने त्याचे नुकसान होऊ शकते.

चार दरवाजे

उधारीच्या वसुलीला आज चार दरवाजे आहेत. कोणता दरवाजा ठोठवायचा हे ठरवणे हेच जाणत्या वकिलाचे पहिले काम.

पहिला दरवाजा चेकचा. चेक न वटता परत आला, तर बँकेचे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांची सवड, आणि ती संपल्यापासून एक महिन्यात फौजदारी फिर्याद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातला एक टप्पा चुकला तर फिर्याद अडचणीत येते.

दुसरा दरवाजा लघुउद्योगांचा. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यासाठी वेगळी परिषद आहे. मालेगावच्या यंत्रमागधारकाला हा दरवाजा उघडा आहे, पण त्याने माल देण्यापूर्वी उद्यम नोंदणी केलेली असावी. कापडाची केवळ खरेदी-विक्री करणाऱ्यासाठी तो उघडत नाही. २०२१ साली किरकोळ व ठोक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीत घेतले, ते बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरते. हा फरक अनेक दुकानदारांना माहीत नसतो. उद्यमचा दाखला भिंतीवर लावून ते निर्धास्त राहतात.

तिसरा दरवाजा समरी दाव्याचा. हुंडी, वचनचिठ्ठी किंवा लेखी करारावरील ठरलेली रक्कम असेल, तर प्रतिवादीला आपला बचाव करण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. चौथा दरवाजा व्यापारी दाव्याचा, तो वर सांगितलाच.

या चारही दरवाजांवर मुदतीचे कुलूप आहे. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा तीन वर्षांत झाला पाहिजे. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्याच्या दिवसापासून, ठरलेली असेल तर ती संपल्यापासून. ही तीन वर्षे संपण्यापूर्वी देणेकऱ्याने येणे लेखी कबूल केले, किंवा काही रक्कम भरून त्याची लेखी नोंद सहीनिशी झाली, तर तीन वर्षे नव्याने सुरू होतात. तोंडी कबुलीने सुरू होत नाहीत.

इतर देशांत काय झाले

व्यापाऱ्यांच्या दाव्यासाठी वेगळी व्यवस्था ही कल्पना नवी नाही. लंडनमधील व्यापारी साध्या कोर्टांच्या दिरंगाईला कंटाळले होते. आपले वाद व्यापार न जाणणाऱ्या न्यायाधीशांपुढे जातात, ही त्यांची तक्रार होती. १८९५ साली तेथे व्यापारी दाव्यांची वेगळी यादी सुरू झाली आणि ते काम न्यायमूर्ती मॅथ्यू यांच्याकडे आले. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात बद्रुद्दीन तय्यबजी न्यायमूर्ती झाले. १८६७ साली मुंबईत वकिली सुरू करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर होते, आणि ते व्यापारी घराण्यातले होते. व्यापार आणि वकिली यांचे नाते आपल्याकडे इतके जुने आहे. लंडनच्या व्यापारी बॅरिस्टरांनी १९८९ साली आपली स्वतंत्र संघटना उभी केली.

वकिलांच्या गटाने काय होऊ शकते याचे ठळक उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तेथील राज्य वकील संघात १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्यापारी दावे चालवणाऱ्यांचा विभाग सुरू झाला. कंपन्या आपले वाद न्यूयॉर्कच्या राज्य कोर्टांऐवजी दुसरीकडे नेत होत्या. १९९३ साली मॅनहॅटनमध्ये काही न्यायाधीशांकडे फक्त व्यापारी दावे देऊन प्रयोग झाला. तो यशस्वी ठरल्यावर जानेवारी १९९५ मध्ये या विभागाने अहवाल तयार करून कायमस्वरूपी व्यापारी न्यायालय मागितले. मुख्य न्यायाधीश ज्युडिथ के यांनी त्यावर समिती नेमली आणि ६ नोव्हेंबर १९९५ रोजी व्यापारी न्यायविभाग सुरू झाला. सुरुवात मॅनहॅटन आणि रॉचेस्टर या दोन ठिकाणी झाली, नंतर तो इतर जिल्ह्यांत पसरला.

काम तेथेच थांबले नाही, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. २०१२ साली दुसऱ्या समितीने त्रुटी तपासल्या आणि पुढच्या वर्षी कायमचे सल्लागार मंडळ नेमले गेले. खटल्यापूर्वीच्या तोंडी जबान्यांवर मर्यादा आली. एका बाजूने दहा साक्षीदार, प्रत्येकी सात तास, त्याहून जास्त नाही. कोणता नियम कोठे अडतो, हे रोज कोर्टात उभ्या राहणाऱ्यालाच कळते, आणि तो गटात असेल तरच त्याचे म्हणणे न्यायाधीशांपर्यंत पोचते.

आपल्या कायद्यातील एक मोकळी जागा

आपल्याकडे ही गोष्ट उलट्या क्रमाने घडली. २००३ साली कायदा आयोगाने व्यापारी दाव्यांसाठी वेगळे विभाग सुचवले. २००९ चे विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत अडकले. जानेवारी २०१५ मध्ये सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने नवा अहवाल दिला आणि २३ ऑक्टोबर २०१५ पासून कायदा अमलात आला. कायदा वरून आला, तालुक्या-जिल्ह्यातील वकिलांच्या मागणीतून वर गेला नाही.

या कायद्यात व्यापारी न्यायालयांच्या न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. किती दावे आले, किती निकाली निघाले, याची आकडेवारी दरमहा अद्ययावत करून हायकोर्टाच्या संकेतस्थळावर देण्याचीही तरतूद आहे. परंतु वकिलांना कोण तयार करणार, याबद्दल कायदा गप्प आहे. मुंबईत मोठ्या सॉलिसिटर फर्ममध्ये नवा वकील हे काम ज्येष्ठांच्या हाताखाली शिकतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एकच वकील सकाळी जामिनाचा अर्ज, दुपारी वाटपाचा दावा आणि संध्याकाळी भाडेकरूचे प्रकरण पाहतो. त्याच्या मेहनतीबद्दल शंका नाही, पण १२० दिवसांचे घड्याळ त्याच्या डायरीत रोज नसते.

ही मोकळी जागा वकील संघानेच भरायला हवी. नाशिकसारख्या जिल्ह्यात व्यापारी दावे चालवणाऱ्या वकिलांच्या गटाने पुढील कामे करावीत, असे आम्हाला सुचवावेसे वाटते.

एक, नव्या वकिलांसाठी महिन्यातून एक वर्ग. त्यात तडजोडीचा अर्ज, दाव्याचा मसुदा, कागदांची यादी व प्रतिज्ञापत्र प्रत्यक्ष लिहून घ्यावे. दोन, मध्यस्थीसाठी वकिलांची तयारी. कोर्टात भांडणे वेगळे आणि टेबलावर मिटवणे वेगळे. कापडाचा, कांद्याचा, यंत्रसामग्रीचा व्यवहार समजणारा मध्यस्थ मिळाला, तर बरेच वाद दाव्यापर्यंत जाणारच नाहीत. तीन, दरमहाची आकडेवारी वाचून, कोणत्या टप्प्यावर दावे अडतात हे शोधून जिल्हा न्यायाधीशांपुढे लेखी मांडणे. चार, व्यापारी संघटनांबरोबर वर्षातून दोन बैठका. नाशिकमध्ये उद्योजकांची निमा आहे, १९२७ पासूनचे महाराष्ट्र चेंबर आहे, मालेगावला यंत्रमागधारकांच्या संघटना आहेत. त्यांच्या दारात वकिलांनी जाण्यात कमीपणा नाही.

एक सावधगिरीही हवी. असा गट मोठ्या पक्षकारांच्या वकिलांचा क्लब होता कामा नये. आज माल देणाऱ्याचा वकील उद्या माल घेणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. खराब माल आला म्हणून बिल अडवणाऱ्या दुकानदाराचेही म्हणणे ऐकले गेले पाहिजे. गटात दोन्ही बाजू असतील, तरच त्याच्या सूचनांना वजन येईल.

आपल्या बाजूचे काम

वकील कितीही जाणता असला, तरी कागद व्यापाऱ्यानेच दिला पाहिजे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, ही ताकीद कुरआन शरीफच्या सूरह बकरात, २८२ व्या आयतीत आहे. ती आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली आहे. तिचा उपयोग मात्र निकाहनाम्यापुरता आणि घराच्या खरेदीखतापुरता होतो, दुकानात होत नाही.

प्रत्येक उधारीच्या बिलावर मुदत लिहावी. माल पोचल्याची सही घ्यावी. बिल्टी, ई-वे बिल आणि चलन एकत्र लावून ठेवावे. दर वर्षी ३१ मार्चला खात्याचा उतारा पाठवून "बाकी बरोबर आहे" अशी सही-शिक्क्यासह कबुली घ्यावी. या एका कागदाने मुदतीचा प्रश्न सुटतो. व्हॉट्सअॅपवरचे संदेश पुसू नयेत. ते पुरावा म्हणून देता येतात, पण त्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही अट आहे.

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली "सुरत न्यायक्षेत्राच्या अधीन" ही ओळ माल घेताना वाचावी. वाद झाला तर त्या ओळीच्या आधारे तुम्हाला सुरतेला बोलावले जाऊ शकते. आपल्या स्वतःच्या बिलावर कोणते ठिकाण छापले आहे, हेही पाहावे.

आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. आमच्यासारख्या अनेकांच्या वह्या आजही उर्दूत आहेत. त्यात गैर काही नाही, पण कोर्टात उर्दू नोंदींचा तर्जुमा जोडावा लागतो आणि घाईत केलेला तर्जुमा चुकतो. म्हणून बिल आणि खात्याचा उतारा तरी मराठीत किंवा इंग्रजीत ठेवावा. व्याजाबद्दल काही बंधूंच्या मनात संकोच असतो आणि त्यामुळे ते दावाच करत नाहीत. दाव्यात व्याज मागणे सक्तीचे नाही. मुद्दल आणि कोर्टाचा खर्च एवढेच मागता येते. संकोचापायी मुद्दलही सोडून देणे म्हणजे घरातल्यांचा हक्क बुडवणे होय.

एकलहऱ्याच्या दुकानदाराचे चार लाख वीस हजार म्हणजे त्याचा एका हंगामाचा माल असतो. ते अडकले तर ईदचा आणि लग्नसराईचा माल भरायला त्याच्याजवळ पैसे राहत नाहीत, आणि मालेगावच्या ज्या माणसाने त्याला कापड दिले त्याचे मागही थांबतात. येत्या ३१ मार्चपूर्वी प्रत्येक दुकानदाराने आपल्या वहीतील दोन वर्षांहून जुनी येणी वेगळी काढावीत आणि ती यादी घेऊन वकिलाकडे जावे. व्यापारी संघटनांनी अशा याद्यांवरून सभासदांची किती रक्कम अडकली आहे ते मोजावे, आणि तो आकडा घेऊन वकील संघाच्या पदाधिकाऱ्यांना भेटावे. व्यापारी दाव्यांच्या गटाची मागणी या आकड्यानिशी गेली, तर तिच्यावर विचार करणे वकील संघालाही सोपे जाईल.